मुलांसोबत साल्हेर : पलसाण्याहून डोंगरावर निघणाऱ्या कुटुंबांसाठी



दिवाळी संपून हवेत गारवा आला की आपल्या मंडळातले तरुण आई-वडील आम्हा ज्येष्ठांना एक प्रश्न हमखास विचारतात : "मुलांना घेऊन एखाद्या गडावर जायचे आहे, कुठे जावे?" पहिली नावे अर्थातच रायगड, शिवनेरी, प्रतापगड अशी निघतात. पण पलसाण्याहून हे गड लांब पडतात. दोन दिवस गाडीतच जातात, मुले कंटाळतात आणि गड राहतो फोटोपुरता. म्हणून आम्ही सांगतो, आधी आपल्या शेजारचा साल्हेर बघा. मात्र लगेच आणखी एक गोष्ट सांगतो : साल्हेरला जायचे असेल तर तयारी आजपासून करा, आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरण्याचीही मनाची तयारी ठेवा. हे दुसरे सांगणे कुणाला फारसे आवडत नाही. तरीही या लेखाचा खरा विषय तोच आहे.

साल्हेरच का?

साल्हेर नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यात, डांगच्या सीमेला लागून आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची १५६७ मीटर. महाराष्ट्रात कळसूबाईच्या (१६४६ मीटर) खालोखाल हेच शिखर उंच, आणि किल्ल्यांमध्ये तर सर्वांत उंच. आपल्याकडून व्यारा, आहवामार्गे चार-साडेचार तासांत पायथा गाठता येतो. डांगातला रस्ता वळणांचा आहे, तो दिवसाउजेडीच करावा.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने 'भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. त्या ११ मध्ये साल्हेर आहे. म्हणजे जागतिक वारसा ठरलेल्या मराठ्यांच्या किल्ल्यांपैकी आपल्या सर्वांत जवळचा हाच.

शिवाय आपल्या मंडळातली बरीच कुटुंबे मूळची धुळे, नंदुरबार, जळगाव, नाशिककडची. ताप्तीच्या रेल्वेने इकडे आली आणि गिरण्यांत, बाजारात, कचेऱ्यांत स्थिरावली. मुले इथेच जन्मली, इथल्याच शाळेत शिकली. त्यांच्यासाठी महाराष्ट्र म्हणजे मामाचे गाव आणि लग्नाचा मांडव. स्वतःच्या पायांनी चढलेला एक डोंगर त्या ओळखीत मोलाची भर घालतो, असा आमचा अनुभव आहे.

डोंगराचे खरे धोके कोणते?

पुष्कळ पालक विचारतात, "उंचीचा त्रास होईल का?" विरळ हवेमुळे डोके दुखणे, मळमळणे हा त्रास साधारणपणे २५०० मीटरच्या वर सुरू होतो. महाराष्ट्रातले कोणतेही शिखर तेवढे उंच नाही, त्यामुळे ती काळजी सोडून द्यावी.

आपल्याकडचे धोके वेगळे आहेत. पहिला उन्हाचा. मुलांना तहान उशिरा जाणवते आणि खेळण्याच्या नादात ती पाणी मागत नाहीत. दुसरा वाऱ्याचा. दर १००० मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. घामाने भिजलेल्या मुलाला माथ्यावरचा वारा लागला की ते पटकन गारठते, कारण वजनाच्या मानाने लहान मुलाच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो आणि त्यातून उष्णता लवकर निघून जाते. तिसरा घसाऱ्याचा. सुट्या मुरमावरून पाय सटकतो तो बहुतेक वेळा उतरताना. चौथा आग्या मोहोळाचा. कड्यांना ही पोळी असतात. धूर, आरडाओरडा आणि अत्तराचा वास यांनी माश्या उठतात, म्हणून गडावर शेकोटी नको, फटाके नकोत आणि अंगावर सुगंधी फवाराही नको.

पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळपायऱ्यांवर लहान मुलांना नेऊ नये. एप्रिल-मेमध्ये बागलाणातले ऊन झेपत नाही. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला.

एकदम साल्हेर नको, पायरी-पायरीने

सुरतच्या अदिती आणि अनुजा वैद्य या दोन बहिणी मे २०१९ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचल्या, तेव्हा आपल्याकडे सगळ्यांनाच आनंद झाला. मुंबईत शिकणारी काम्या कार्तिकेयन मे २०२४ मध्ये, वयाच्या १६ व्या वर्षी, आपल्या वडिलांसोबत एव्हरेस्टवर गेली. वडील नौदलात अधिकारी. अशा बातम्या वाचल्या की आपल्याही मुलाने काही करावे असे वाटते. पण त्या बातमीतला कमी वाचला जाणारा भाग असा की या मुलीची सुरुवात अगदी लहानपणी लोणावळ्याजवळच्या साध्या टेकड्यांपासून झाली होती. तिथून शिखरापर्यंत मध्ये बारा-तेरा वर्षे गेली.

आपल्या मुलांना एव्हरेस्टवर जायचे नाही. पण क्रम तोच ठेवावा. पलसाण्याहून सोयीचा क्रम आम्ही असा सांगतो.

पहिली पायरी पारनेरा किंवा सोनगड. पारनेरा वलसाडजवळ, आपल्याच मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत आहे. वर देवीची मंदिरे आहेत आणि चढायला पायऱ्या आहेत. सोनगड धुळ्याच्या रस्त्यावर. पिलाजीराव गायकवाडांनी १७१९ मध्ये तो घेतला आणि बडोद्याआधी गायकवाडांचे ठाणे तिथेच होते. पाच-सहा वर्षांचे मूल हे डोंगर आनंदाने चढते. अर्ध्या दिवसात घरी परत येता येते.

दुसरी पायरी हातगड. सापुताऱ्यापासून अगदी जवळ, पण महाराष्ट्राच्या हद्दीत. इथे कातळात कोरलेल्या पायऱ्या, दरवाजे आणि पाण्याची टाकी आहेत. मुलांना किल्ला म्हणजे काय हे इथे पहिल्यांदा नीट कळते. सापुताऱ्याच्या तलावात बोटीत बसवून परत येण्यापेक्षा दीड तास इकडे द्यावा.

तिसरी पायरी मांगी-तुंगी. हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. दोन्ही सुळके १३०० मीटरहून उंच आहेत, पण बांधलेल्या पायऱ्या असल्यामुळे वाट चुकण्याची भीती नाही. २०१६ मध्ये प्रतिष्ठापना झालेली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती इथेच आहे. क्षेत्राचे नियम पाळावेत. एवढ्या पायऱ्या मूल हसत-खेळत चढले आणि तसेच उतरले, तर ते साल्हेरला तयार झाले असे समजावे.

चौथी पायरी साल्हेर. आमच्या मते ८-९ वर्षांपुढच्या, आधीच्या तिन्ही पायऱ्या केलेल्या मुलांसाठी. वर जायला दोन वाटा आहेत. साल्हेरवाडीची वाट एकामागून एक दरवाजांतून जाते. वाघांबे गावाची वाट साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीत चढते आणि तिथून कातळपायऱ्यांनी वर नेते. कोणत्याही वाटेने जा, गावातला वाटाड्या जरूर घ्या आणि त्याचा मोबदला आधी ठरवून घ्या. वाट त्याच्या पायाखालची असते, मोहोळे कुठे आहेत आणि कोणत्या टाक्याचे पाणी पिण्याजोगे आहे हे त्याला माहीत असते.

वेळेचा हिशेब

डोंगराचा अंदाज किलोमीटरवरून करू नये. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपे सूत्र दिले, ते आजही जगभर वापरतात : सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास, आणि त्यात दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास.

समजा चाल ४ किलोमीटर आणि चढ ७०० मीटर आहे. चालीची ४८ मिनिटे आणि चढाची ७० मिनिटे, म्हणजे सुमारे दोन तास. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट मोठ्या माणसाचा झाला. मुले बरोबर असतील तर त्याची दुप्पट धरा. मुले सरड्यामागे धावतात, बुरुजावर बसतात, तीनदा लघवीला थांबतात. तो त्यांच्या सहलीचा भागच आहे, वेळेचा अपव्यय नव्हे. दोनाचे चार तास झाले. घसाऱ्यावरून उतरायला निदान तीन तास, आणि माथ्यावर एक तास. म्हणजे एकूण आठ.

सकाळी ७ ला निघालात तर दुपारी ३ ला खाली. जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मधले तीन तास ही तुमची शिल्लक. कुणाचा पाय मुरगळला, वाट चुकली, तर ती उपयोगी पडते. सकाळी १० ला निघालात तर ही शिल्लक पहिल्याच पायरीवर संपलेली असते. म्हणून आदल्या रात्रीच पायथ्याशी मुक्कामाला जावे.

परतीची वेळ

आता मूळ मुद्दा. निघण्याआधी, सगळ्यांच्या समोर, परतीची वेळ ठरवावी. वरच्या हिशेबात ११ ला माथा येतो, तर परतीची वेळ साडेअकरा. साडेअकराला जिथे असू तिथून परत. माथा समोर दिसत असला तरी परत. दुसरा नियम असा की कोणत्याही एका मुलाला खरोखर नको झाले तर त्याच्यासोबत एक मोठा माणूस आणि वाटाड्या खाली येतील. तो वाटाड्या एकच असेल तर सगळेच खाली येतील.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत चार कुटुंबे आमच्यासोबत होती. खिंडीत जोराचा वारा होता. एक नऊ वर्षांची मुलगी तोवर सगळ्यांच्या पुढे होती, सारखी बडबडत होती. खिंडीच्या वर ती गप्प झाली. चिक्की दिली तर हातात धरून बसली. हात गार लागत होते. तिचे वडील म्हणाले, "एवढे लांब आलोय काका, आता पाऊण तास तर राहिलाय. मी तिला पाठीवर घेतो." घड्याळात सव्वाअकरा झाले होते. वाटाड्याने आमच्याकडे पाहिले. तिला कोरडा स्वेटर आणि कानटोपी घातली, गरम पाणी पाजले आणि सगळे खाली वळलो. वडील उतरताना तासभर कुणाशी बोलले नाहीत. मुलगी मात्र पहिल्या झाडांच्या सावलीत आल्यावर पुन्हा बडबडू लागली आणि तिने दोन ठेपले मागून खाल्ले.

"एवढे लांब आलोय" हे वाक्य आम्ही बँकेत वेगळ्या शब्दांत अनेकदा ऐकले आहे. "एवढे पैसे घातलेत, आता आणखी थोडे दिले की धंदा उभा राहील." आधीचे कर्ज बुडते आहे हे पुढचे कर्ज देण्याचे कारण होऊ शकत नाही. तसेच चार तास गाडी चालवली हे पुढे चढण्याचे कारण होऊ शकत नाही. विचार फक्त एवढाच करायचा : आत्ता या मुलात उतरण्यापुरते बळ शिल्लक आहे का? चढताना सगळे बळ खर्च केले तर उतरायचे कशाच्या जोरावर?

मुलाचे दमणे आणि मुलाचा कंटाळा यांत फरक आहे. कंटाळलेले मूल कुरकुर करते, खाऊ दिला की उठते, पुढे काय आहे ते विचारते. खरे दमलेले मूल गप्प होते, खात नाही, अडखळते, हात गार पडतात, किंवा उन्हात तोंड लाल होऊन डोके दुखते म्हणते. पहिल्याला गोष्ट सांगावी. दुसऱ्याला खाली आणावे.

परत फिरले तर मूल नाउमेद होते, असे काहींना वाटते. आम्ही उलटे पाहिले आहे. दमलेल्या मुलाला ओढत माथ्यावर नेले, तर फोटो मिळतो, पण पुढच्या वर्षी गडाचे नाव काढताच ते मूल पोट दुखते म्हणते. ती नऊ वर्षांची मुलगी पुढच्या हिवाळ्यात स्वतःहून तयार झाली. खिंडीच्या वर तिनेच वडिलांना विचारले, "बाबा, किती वाजले?" साडेदहा वाजले होते. त्या दिवशी ती परशुरामाच्या मंदिरापर्यंत गेली.

पिशवीत काय असावे

मोठ्या माणसामागे तीन लिटर आणि मुलामागे दीड ते दोन लिटर पाणी. त्यातले निम्मे उतरण्यासाठी राखून ठेवावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की जलसंजीवनी तयार होते. चमचा म्हणजे चहाचा. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, केळी. आपल्या गुजराती शेजाऱ्यांचे ठेपले तर दोन दिवस टिकतात, प्रवासाला त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही.

मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त ओझे नको. केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणात शाळेच्या दप्तरालाही हीच मर्यादा आहे. २५ किलोच्या मुलाला अडीच किलो, म्हणजे त्याचे पाणी, टोपी, स्वेटर आणि एक शिट्टी. शिट्टी गळ्यात असावी : हरवलो तर जागेवर थांबायचे आणि तीनदा वाजवायची, हे घरीच शिकवून ठेवावे. बूट वापरलेले हवेत, नवे कोरे नकोत. मोबाइलला गडावर सगळीकडे रेंज मिळत नाही, म्हणून किती वाजेपर्यंत खाली येणार ते घरी सांगून निघावे. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक दोन्ही राज्यांत चालतात.

चालताना सर्वांत पुढे वाटाड्या, त्याच्यामागे सर्वांत हळू चालणारे मूल आणि शेवटी एक मोठा माणूस. हळू चालणारे मूल पुढे असले की सगळ्यांचा वेग आपोआप त्याच्याएवढा होतो. ते मागे असले की दिवसभर धापा टाकत पळत राहते आणि ते येईपर्यंत बाकीचे विश्रांती उरकून पुढे निघालेले असतात.

गडावर मुलांना काय सांगावे

साल्हेरच्या पठारावर गंगासागर तलाव आहे, जवळ गुहा आहेत आणि सर्वांत वर परशुरामाचे छोटे मंदिर. परशुरामाने इथूनच बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण वसवले, अशी आख्यायिका आहे. हवा स्वच्छ असेल तर सालोटा, मुल्हेर, मोरा, हरगड आणि मांगी-तुंगी दिसतात. तिसरी पायरी आठवणाऱ्या मुलाला मांगी-तुंगी आपणहून ओळखू द्यावी.

मोठी मुले इथे एक अवघड प्रश्न विचारतात. सुरतेत वाढणाऱ्या आपल्या मुलांना शाळेत कधी ना कधी कुणीतरी म्हणतेच, "तुमच्या शिवाजीने आमचे गाव लुटले." मूल घरी येऊन गप्प बसते. त्याला उत्तर द्यायला साल्हेरसारखी जागा नाही, कारण त्या घटनेची एक वाट इकडेच येते.

सांगावे ते खरे सांगावे. शाहिस्तेखान १६६० पासून तीन वर्षे पुण्यात तळ ठोकून होता आणि मुलूख उजाड झाला होता. सुरत हे मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांची फौज आली, तेव्हा मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडे पडले. वीरजी व्होरांसारख्या व्यापाऱ्यांचे मोठे नुकसान झाले, तेही सांगावे. शहराभोवती पक्का तट त्यानंतर बांधला गेला. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसरी मोहीम झाली. तिथून परतताना मराठे बागलाणातून गेले आणि वणी-दिंडोरीजवळ मोगलांशी लढाई झाली. जानेवारी १६७१ मध्ये साल्हेर मराठ्यांकडे आला. मोगलांनी वेढा घातला, आणि फेब्रुवारी १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी उघड्या मैदानात मोगलांचा पराभव केला. त्या लढाईत महाराजांचे सहकारी सूर्यराव काकडे पडले.

हे ऐकून मुलाने कुणाशी भांडावे असे नाही. आपण सुरतेचे मीठ खातो आणि साल्हेरही आपलाच आहे, या दोन्ही गोष्टी एका मुलाच्या मनात सुखाने राहू शकतात. त्याने शाळेत गप्प न बसता शांतपणे दोन वाक्ये सांगावीत, एवढेच पुरे.

आजी-आजोबांसाठी

आमच्या वयाच्या मंडळींनी गुडघ्यांचा मान राखावा. पण घरी बसू नये. पारनेरा हळूहळू जमतो. साल्हेरला गेलात तर गावात थांबा, गावकऱ्यांशी गप्पा मारा, पिठले-भाकरीची सोय बघा, आणि मुले किती वाजता कुठवर दिसली ते लिहून ठेवा. मुले उतरून आली की त्यांना पहिला प्रश्न "माथ्यावर पोहोचलात का?" असा विचारू नका. "काय काय पाहिले?" असे विचारा. माथ्याचा प्रश्न आपण विचारला की अर्ध्यातून परत आलेल्या मुलाची मान खाली जाते, आणि त्याच्या बापाला पुढच्या वेळी परत फिरणे आणखी जड जाते.

या हिवाळ्यात ज्यांची मुले लहान आहेत त्यांनी पारनेऱ्यापासून सुरुवात करावी. ज्यांची हातगड-मांगी-तुंगी झाली आहे त्यांनी साल्हेरचा विचार करावा, आणि ज्यांचा साल्हेर झाला त्यांच्यासाठी कळसूबाई आहेच. वाटेत प्लास्टिक टाकू नये, दगडांवर नावे कोरू नयेत, आणि निघताना घड्याळाला किल्ली द्यायला किंवा मोबाइल चार्ज करायला विसरू नये. साडेअकरा वाजल्याचे कळायला तर हवे.